आवाज आहे, चित्र नाही : टीव्हीच्या बॅकलाइटचा दोष घरी शोधताना

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा फोन आला. "सूनबाई, टीव्हीचा आवाज येतोय, पण पडदा काळा तो काळाच आहे. दुकानात दाखवला तर पॅनल गेले म्हणतात. दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा नवाच घ्या म्हणाले." मामा आणि आत्याबाई जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावी दोघेच राहतात. संध्याकाळच्या बातम्या, हवामानाचा अंदाज आणि आत्याबाईंचे कीर्तन या तीन गोष्टींसाठी तो ३२ इंची टीव्ही त्यांच्या घरात रोज चार-पाच तास चालतो. मी परभणीच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि लहानपणापासून मला उघडलेले यंत्र पाहण्याची ओढ आहे. त्यामुळे दुकानदाराने पडदा काळा पाहून थेट 'पॅनल गेले' असा निकाल दिला, हे ऐकल्यावर मी मामांना एवढेच सांगितले की टीव्ही भंगारात देऊ नका, मी रविवारी येते.

आवाज व्यवस्थित आहे, रिमोटने चॅनेल बदलतो आणि तरीही पडदा काळा आहे, या लक्षणाचा अर्थ समजून घेण्यासाठी एक गोष्ट आधी स्पष्ट व्हायला हवी. ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो त्यातले चित्र एलईडी तयार करत नाहीत. चित्र तयार होते ते समोरच्या एलसीडी पॅनलमध्ये, आणि त्या पॅनलला स्वतःचा प्रकाश मुळीच नसतो. खिडकीला लावलेल्या रंगीत काचेसारखे ते असते. मागून उजेड आला तरच नक्षी दिसते. हा मागचा उजेड म्हणजे बॅकलाइट, आणि तो देण्यासाठी पॅनलच्या मागे किंवा कडेला एलईडींच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. बॅकलाइट विझला तर पॅनल आपले काम बिनचूक करत राहते, चित्र काचेत उमटलेले असते, पण आपल्याला ते दिसत नाही.

म्हणून पहिली परीक्षा विजेरीची. खोलीत पूर्ण अंधार करावा, टीव्ही चालू करून रिमोटने मेनू उघडावा आणि विजेरी काचेच्या अगदी जवळ, थोडी तिरपी धरून पडद्यावर हळूहळू फिरवावी. विजेरीचा प्रकाश पॅनलमधून आत जातो, मागच्या पांढऱ्या थरांवर आदळून परत येतो आणि परतताना चित्राची अंधूक छाया घेऊन येतो. मामांच्या टीव्हीवर मला मेनूची अक्षरे दिसली, आणि रिमोटचे बटण दाबले की निवडीची चौकट खाली सरकतानाही दिसली. मी मामांना जवळ बोलावून ते दाखवले. पॅनल जिवंत असल्याचा तो पुरावा होता आणि त्यासाठी एकही स्क्रू काढावा लागला नव्हता.

विजेरीने काहीच दिसले नाही तर दोष मुख्य बोर्डात, पॅनलला चित्राचे संकेत पुरवणाऱ्या टी-कॉन बोर्डात किंवा खरोखरच पॅनलमध्ये असू शकतो. पडदा राखाडी उजळतो पण चित्र नाही, अशा वेळी बॅकलाइट ठीक आहे असे समजावे आणि शोध दुसरीकडे वळवावा. आवाजही नाही आणि लाल दिवाही नाही, तर आधी पॉवर सप्लाय पाहावा. बॅकलाइट मात्र नेहमी एकदम मरत नाही, अनेकदा आधी सूचना देतो. टीव्ही लावताच पडदा क्षणभर उजळतो आणि पुन्हा काळा होतो, तेव्हा बहुधा एखादा सैल जोड गरम होताच सुटत असतो, किंवा एलईडींच्या अनेक ओळींपैकी एकीत दोष आढळल्याने सर्किट स्वतःला बंद करून घेत असते. पडद्यावर ठिकठिकाणी पांढरे गोल ठिपके दिसत असतील तर एलईडीवरचे भिंग गळून पडलेले असते. चित्राला निळसर-जांभळी झाक येत असेल, तर त्याचे कारण एलईडीच्या मूळ रचनेत आहे. पांढरा एलईडी हा मुळात निळा एलईडी असतो आणि त्यावरच्या पिवळ्या फॉस्फरच्या लेपामुळे तो पांढरा भासतो. उष्णतेने तो लेप खराब झाला की आतला निळा रंग बाहेर डोकावू लागतो. ज्या निळ्या एलईडीमुळे हे सगळे शक्य झाले, त्याच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, हे मी दरवर्षी वर्गात सांगते, आणि टीव्हीचा जांभळा पडणारा पडदा हे त्याचे घरोघरी दिसणारे उदाहरण आहे.

मागचे झाकण उघडण्यापूर्वीचा भाग मी थोडा विस्ताराने लिहिते, कारण इथली चूक महागात पडते. प्लग काढला म्हणजे टीव्हीतली वीज संपली असे होत नाही. आपल्या घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते, आणि पॉवर सप्लायवरचा वीज साठवणारा मोठा गोल कॅपॅसिटर तेवढ्या दाबाने भरलेला राहू शकतो. मी प्लग काढून पंधरा मिनिटे थांबते, आणि झाकण उघडल्यावर त्या कॅपॅसिटरच्या दोन टोकांवर मल्टीमीटर डीसी व्होल्टवर लावून आकडा शून्याजवळ आल्याची खात्री करून घेते. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून तो रिकामा करण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ती करू नये. कामाला बसण्यापूर्वी हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी आणि गळ्यातले मंगळसूत्र मी काढून ठेवते, पायांत रबरी चप्पल घालते आणि घरात दुसरे माणूस असल्याशिवाय चालू बोर्डावर मोजमाप करत नाही.

आत पाहिले तर पॉवर सप्लायवरून दोन तारा पॅनलच्या मागे जात होत्या आणि त्यांच्या जोडणीपाशी एलईडी प्लस, एलईडी मायनस असे छापलेले होते. टीव्ही बंद असतानाच मी मल्टीमीटरचे दोन्ही प्रोब चिमट्यांनी तिथे पक्के बसवले, हात मागे घेतले आणि मगच मामांना बटण दाबायला सांगितले. आकडा झपाट्याने १०० च्या पुढे गेला आणि दोन-तीन सेकंदांत घसरून २४ च्या आसपास स्थिरावला. माझ्या मते सगळ्या निदानाचा कणा हाच आहे. एलईडींना ठरावीक प्रवाह देणारे ड्रायव्हर सर्किट प्रवाह वाहत नाही असे दिसताच दाब वाढवत जाते, मर्यादा ओलांडली की संरक्षणासाठी थांबते, आणि मग तारेवर फक्त त्याला मिळणारा मूळ दाब उरतो. म्हणजे ड्रायव्हर काम करत होता, त्याला मुख्य बोर्डाकडून 'बॅकलाइट लाव' हा इशाराही मिळत होता, पण पुढची वाट तुटलेली होती. आकडा सुरुवातीपासून २४ वरून हललाच नसता, तर मला तो इशारा पोहोचतो की नाही हे तपासावे लागले असते, आणि तो पोहोचत असता तर दोष ड्रायव्हरचा ठरला असता.

तरीही पॅनल उघडण्याआधी मी आणखी एक तपासणी केली. प्लग काढून, पुन्हा थांबून, त्या दोन तारा बोर्डापासून सोडवल्या आणि त्यांना एलईडी टेस्टर जोडला. हे छोटे उपकरण गरजेप्रमाणे ३०० व्होल्टपर्यंत दाब देते, पण प्रवाह अगदी थोडा सोडते, त्यामुळे चांगली ओळ मंद उजळते आणि तिला किती व्होल्ट लागले ते टेस्टरच्या छोट्या पडद्यावर दिसते. प्रवाह थोडा असला तरी दाब मोठा असतो, म्हणून त्याच्या टोकांना हात लावू नये. मामांच्या टीव्हीच्या तारांवर टेस्टरने आपला सर्वांत मोठा आकडा दाखवला आणि प्रकाश शून्य होता. ओळ कुठेतरी तुटली आहे हे आता निश्चित झाले. हे काम साध्या मल्टीमीटरच्या डायोड परीक्षेने होत नाही, ही गोष्ट मी काही वर्षांपूर्वी माहेरच्या टीव्हीवर शिकले. काही पट्ट्यांवर ३ व्होल्टचे तर काहींवर ६ व्होल्टचे एलईडी असतात, आणि मल्टीमीटर डायोड परीक्षेत तेवढा दाब देत नसल्याने ६ व्होल्टचा निरोगी एलईडीसुद्धा मेलेला वाटतो. तेव्हा मी चांगली पट्टी बाद ठरवली होती.

पॅनल उघडणे हे निदानातले सर्वांत नाजूक काम आहे आणि ते एकट्याने करू नये. आम्ही पलंगावर दोन गोधड्या आणि त्यांवर स्वच्छ धुतलेली चादर अंथरली, पंखा बंद केला, आणि घामाचा थेंब खाली पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधले. पॅनलच्या खालच्या कडेला कागदासारख्या पातळ लवचीक पट्ट्या छोट्या बोर्डांना जोडलेल्या असतात; त्यातली एक जरी दुमडली किंवा ताणली तरी पडद्यावर उभ्या रेषा येतात, आणि मग दुकानदाराचे 'पॅनल गेले' हे वाक्य खरे ठरते. म्हणून आधी त्या बोर्डांचे स्क्रू काढून ते मोकळे केले, मग काचेला वाकू न देता मी एका बाजूने आणि मामांनी दुसऱ्या बाजूने धरून ती उचलली आणि आडवी ठेवली. तिच्याखालचे पारदर्शक आणि दुधी थर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, दिशाही न बदलता बाजूला रचले. प्रत्येकाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने बारीक आकडा लिहिला होता. आत्याबाईंनी ते थर उचलण्यासाठी स्वच्छ सुती हातमोजे आठवणीने आणून दिले, ते कापूस वेचणीच्या दिवसांतले होते.

शेवटचा पांढरा परावर्तक कागद काढला तेव्हा दोन पट्ट्या दिसल्या, प्रत्येकीवर सहा एलईडी, एका मागोमाग एक जोडलेले. ६ व्होल्टचे बारा एलईडी म्हणजे पूर्ण ओळीला साधारण ७२ व्होल्ट लागतात. ड्रायव्हर १०० च्या पुढे का गेला होता हे आता उलगडले. टेस्टर एकेका एलईडीला लावत गेले. वरच्या पट्टीवरचा चौथा एलईडी पेटला नाही, आणि भिंग काढून पाहिले तर त्याच्या पिवळ्या लेपाच्या मधोमध मोहरीएवढा काळा डाग होता. बाकीचे अकरा उजळले, पण त्यातले दोन इतरांपेक्षा मंद होते. जुन्या विजेच्या दिव्यांच्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझते, तसेच इथे एका डागाने सारा पडदा काळा केला होता.

मेलेला एलईडी तारेने ओलांडून उरलेल्या अकरावर टीव्ही चालवता येतो, किंवा तेवढा एकच एलईडी बदलता येतो. मी दोन्ही केले नाही. जो ताप चौथ्या एलईडीने सोसला तोच इतरांनीही सोसलेला असतो, आणि दोन मंद एलईडी ते सांगतच होते. पॅनल पुन्हा पुन्हा उघडण्याचा धोका एका पट्टीच्या किमतीपेक्षा फार मोठा आहे. पट्टीवर छापलेला क्रमांक, तिची लांबी, एलईडींची संख्या, त्यांचे व्होल्ट आणि जोडणीचा प्रकार हे सारे लिहून घेऊन मी दोन्ही पट्ट्या परभणीहून आणल्या. पुढच्या रविवारी जुन्या पट्ट्यांचा चिकट थर पूर्ण खरवडून, ॲल्युमिनियमची बाजू पत्र्याला सर्वत्र टेकेल अशा बेताने नव्या बसवल्या, कारण एलईडीची उष्णता बाहेर जाण्याचा तोच मार्ग असतो. थर परत रचण्याआधी टेस्टरने संपूर्ण ओळ तपासली. ती ७१ व्होल्टवर एकसारखी उजळली.

गावात याचा दोष सर्वजण व्होल्टेजला देतात. कृषिपंपांच्या वेळापत्रकाप्रमाणे आमच्याकडे दाब खरोखर वर-खाली होतो आणि वळवाच्या पावसात विजा कडाडल्या की पॉवर सप्लाय जळाल्याच्या गोष्टीही खऱ्या असतात. पण एलईडींना मिळणारा प्रवाह ड्रायव्हर स्थिर ठेवतो, त्यामुळे नुसत्या कमी-जास्त दाबाने पट्टी सहसा जात नाही. तिला मारते ती उष्णता, आणि मामांच्या घरात तिचे कारण डोळ्यांसमोर होते. हा टीव्ही पूर्वी जुन्या माळवदाच्या खोलीत होता, जिथे मे महिन्यातही भिंत थंड लागते. दोन वर्षांपूर्वी तो पुढच्या नव्या पत्र्याच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीवर लावला गेला. बाहेर पारा ४० च्या वर असताना दुपारी चार वाजता त्या भिंतीला हात टेकवत नाही. त्यातच सेटिंगमध्ये बॅकलाइट पूर्ण १०० वर होता, तो खरेदीच्या दिवसापासून कोणी कमी केलेलाच नव्हता. इथे अनेकांची गल्लत होते: ब्राइटनेस कमी केल्याने चित्रातला काळा रंग अधिक गडद होतो, एलईडींवरचा भार मात्र तसाच राहतो. भार कमी करायचा तर मेनूत बॅकलाइट या नावाची वेगळी पट्टी शोधून ती खाली आणावी लागते.

मोठ्या, ५५ इंची किंवा कडेने प्रकाश देणाऱ्या पातळ टीव्हीचे पॅनल मी घरी उघडत नाही. तिथे काच इतकी लवचीक असते की चार सरावलेले हात लागतात. पण विजेरीची परीक्षा, तारेवरचे व्होल्ट आणि टेस्टर इथपर्यंतचे निदान त्यांचेही तेच आहे, आणि ते हातात असले की दुकानात 'पॅनल गेले' ऐकल्यावर दुकानदारालाच विजेरी धरून दाखवता येते. मामांचा टीव्ही आता पुन्हा माळवदाच्या खोलीत, भिंतीपासून चार बोटे पुढे लावला आहे आणि त्याचा बॅकलाइट ६० वर ठेवला आहे. पहिल्या संध्याकाळी आत्याबाईंना चित्र थोडे मंद वाटले, दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "आज तर बरोबर दिसतंय की, काही केलंस का?" मी काहीच केले नव्हते.