गिटारसाठी दोन नॉबचा जुना कॉम्प्रेसर का, हे तुम्ही विचारलंत म्हणून

"नव्या कॉम्प्रेसरमध्ये अटॅक, म्हणजे स्वर दाबायला किती लवकर सुरुवात करायची ते, वेगळा लावता येतो, मूळ स्वर हवा तेवढा मिसळता येतो, शिवाय सूंसूं आवाज नाही. मग तुम्ही तो जुना डबा का धरून बसलाय?" आजवर मी "आवाज आवडतो" एवढंच सांगून सुटका करून घेत आलो. आता एकदाच सविस्तर सांगतो. कॉम्प्रेसर म्हणजे गिटार आणि अँप्लिफायरच्या मधला डबा: मोठा आवाज दाबतो, विरणारा वर उचलतो.

आधी तुमचं जे खरं आहे ते मान्य करतो. जुना कॉम्प्रेसर सूंसूं करतो. वाजवणं थांबलं की तो आवाज वाढवत नेतो, आणि वाढवायला सूर उरलेला नसला की खालची सूंसूंच वर येते. एमएक्सआर कंपनीच्या 'डायना कॉम्प' या लाल कॉम्प्रेसरवर आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी असे दोनच नॉब. सत्तरच्या दशकातल्या पहिल्या डब्यांना दिवाही नव्हता आणि अडॅप्टरचं भोकही. डॅन आर्मस्ट्राँगच्या 'ऑरेंज स्क्वीझर' या कॉम्प्रेसरला तर बाहेरून नॉबच नाही.

पण बोटांना काय मिळतं ते बघा. तार छेडली की पहिला 'टक्' निसटून पुढे जातो, मग डबा स्वराला दाबतो, आणि स्वर विरायला लागला की हळूहळू वर उचलतो. तो उचलण्याचा वेग हातात भिनतो. पुढची तार कधी छेडायची हे मी त्या वेगावर ठरवायला लागलो होतो. हे ऐकणाऱ्याला कळलंच पाहिजे असा माझा आग्रह नाही. वाजवणाऱ्याला कळतं.

पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचो की सगळी करामत आतल्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या सीए३०८० या चिपची. आरसीए कंपनीची ती चिप बनायची कधीच बंद झाली, त्यामुळे हे सांगायला बरं वाटायचं. हे मी बऱ्याच जणांना पटवलंय. आता तसं म्हणवत नाही, कारण मधे एक गोष्ट घडली.

माझ्याकडचा डबा डायना कॉम्पच्याच घराण्यातल्या सर्किटचा. एकदा आउटपुटचा नॉब खरखरायला लागला. धूळ साफ केली असती तर भागलं असतं, आणि भागलंही. पण डबा उघडलाच आहे तर जुने कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, बदलून टाकू, असं मी ठरवलं. कोणी सांगितलं नव्हतं. त्यातला एक १० मायक्रोफॅरड क्षमतेचा. किती दाबायचं आणि किती सोडायचं याचा हिशेब त्याच्यात साठतो. सोल्डरचा डाग काढला, तो उपटला, नवा बसवला, झाकण लावलं, वाजवलं.

डबा स्वच्छ, सरळ, नकाशाबरहुकूम वाजत होता. माझा मात्र तो राहिला नव्हता. स्वर आरामात वर येत होता आणि माझं बोट त्याच्या आधीच पुढच्या तारेवर पोचत होतं. जाड तारेवरचा घोगरेपणाही गेला होता. जुना कॅपॅसिटर मीटरवर लावला. अंगावर १० छापलेलं, भरला जेमतेम ४. तो चार्ज होतो १५० किलोओहमच्या रेझिस्टरमधून, म्हणजे दीड सेकंदाचा हिशेब ०.६ सेकंदावर आला होता. घोगरेपणाही त्याचाच: कॅपॅसिटर लहान झाला की खालच्या स्वरांची थरथर नियंत्रणात झिरपते. इतकी वर्षं ज्याच्यावर जीव टाकला, तो एका सुकलेल्या कॅपॅसिटरचा बिघाड होता.

तोच परत लावायला गेलो. त्याचा एक पाय अगदी बुडातून तुटला, आणि वारंवार तापवल्यामुळे बोर्डावरची तांब्याची पट्टीही उचलली गेली. त्या रात्री मी गिटार हातात धरली नाही.

तुम्ही म्हणाल, मग प्रश्नच मिटला: डब्यात ४ चा नवा कॅपॅसिटर घाला. मीही स्वतःला हेच बजावलं. पट्टीच्या जागी बारीक वायर ओढली आणि ४.७ लावला. बराच जवळ आला, पण तो नाही. सुकलेल्या कॅपॅसिटरचा आतला रोधही वाढतो; फरक त्यातला असेल. नाहीतर डब्यात काहीच कमी नसेल आणि माझी आठवणच जास्त गोड असेल. आधीचं रेकॉर्डिंग आहे, पण ते ऐकून बोटांना काय वाटत होतं हे समजत नाही.

तरीही नवा घेत नाही. नव्यात अटॅकचा नॉब मिळाला तरी हात परत पहिल्यापासून बसवावा लागेल, आणि या डब्यात निदान अर्धी वाट माझ्या ओळखीची आहे. हे कारण तुम्हाला पुरेसं वाटणार नाही. मलाही रोज वाटतंच असं नाही.

परवा ४.७ काढून ३.३ लावलाय. जाड तार पुन्हा घोगरी बोलते, पण वरच्या तारा घाई करतात. ठेवायचा की काढायचा, ते अजून ठरलेलं नाही.