साभार परत

स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि आधी तो बोलला, "तू? तुझ्या या मराठीत?" हा आतला परीक्षक माझ्या मागे लागला तो आपल्याच शाळेत, नववीत असताना.

बडोद्याला डांडिया बाजारातल्या आमच्या घरातून सूरसागर तलाव दिसायचा. (तेव्हा तळ्यात महादेव उभा नव्हता.) त्यावर एक ललित लिहून मी एका मासिकाकडे पाठवलं. नियमाप्रमाणे सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. दीड महिन्याने पोस्टमनने तेच पाकीट हातात ठेवलं. नकार आला तोही माझ्याच अक्षरात! आत 'साभार परत'ची छापील चिठ्ठी, आणि 'आजी बारीत बसली होती' या ओळीखाली लाल रेघ, पुढे प्रश्नचिन्ह.

बारी म्हणजे खिडकी, हे बडोद्यात कुणाला सांगावं लागत नाही. पण त्या दिवसापासून तोंड उघडण्याआधी मी शब्द चाचपायला लागले. हा गुजराती तर नाही? पुण्याची मामेबहीण हसेल का? वर्गात हात वर करणं बंद झालं. वक्तृत्व स्पर्धेतून नाव काढून घेतलं. कारण दिलं, घसा बसलाय.

मराठीच्या बाईंना घसा पटला नाही. खोदून विचारलं, मग म्हणाल्या, "लेख घेऊन ये. आणि जिथे जिथे हसं होईल असं वाटतं, तिथे पेन्सिलीने फुली मार." चौदा फुल्या झाल्या. बाईंनी मला वर्गापुढे उभं केलं आणि सगळ्यांना सांगितलं, ऐकताना अडलं की हात वर करा.

हात तीनदा वर झाले. चौदातल्या एकाही फुलीवर नाही. आजी मध्येच कुठे गेली, असं एकीने विचारलं. (खरंच, दुसऱ्या पानावर आजी गायब होती.) एक वाक्य संपता संपत नव्हतं. शेवट तर कुणालाच आवडला नाही. बारीवर कुणी हूं की चूं केलं नाही.

"तुझा परीक्षक कडक आहे गं," बाई म्हणाल्या, "पण त्याला नीट दिसत नाही." मग फळ्यावर तीन सालं लिहिली: १९०९, १९२१, १९३४. मराठी साहित्य संमेलनं बडोद्यात भरली ती. "एवढी मंडळी या गावात आली, आणि तू इथे गप्प?" पुढे सयाजीराव महाराज सुरू झाले. १८७५ साली कवळाणे या खेड्यातून बडोद्याला आले तेव्हा बारा वर्षांचे, शिक्षण सगळं त्यानंतरचं, आणि १९३२ला कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्ष! महाराजांवर आल्या की बाई थांबत नसत. घंटेने सोडवलं.

आजीला शेवटच्या पानापर्यंत आणून लेख दुसरीकडे पाठवला. परत आला. तिसरीकडूनही आला. पुढे छापून आलं ते काही भलतंच.

पोटातला गोळा काही गेला नाही. पाकिटाच्या जागी ईमेल आला, इतकंच. २०१८मध्ये संमेलन पुन्हा बडोद्यात भरलं, तेव्हा मी मंडपात मागे बसले होते आणि परीक्षक शेजारच्या खुर्चीवर. त्याच्याशी आता भांडत नाही. त्याला पेन्सील देते, हव्या तेवढ्या फुल्या मारू देते आणि मग लेकीला वाचून दाखवते. ती अडते भलतीकडेच.

या मनोगतावर नऊ फुल्या आहेत. स्मरणिका समितीला एकच विनंती: मुद्रितं तपासताना बारीची खिडकी करू नका.