बार्टनचा फिरता जलसेतू

आज मँचेस्टरजवळ ब्रिजवॉटर कालव्याच्या काठाने बार्टनपर्यंत चालत गेलो. वर्स्ली येथील खाणींतला कोळसा शहरात नेण्यासाठी काढलेला हा कालवा १७६१ मध्ये सुरू झाला; वर्स्लीपाशी खाणींतून झिरपणाऱ्या लोहामुळे त्याचे पाणी तांबूस झाले.

खरे नवल मात्र बार्टनला आहे. १८९४ मध्ये मँचेस्टर शिप कॅनॉल खुला झाला, तेव्हा त्यातून जाणाऱ्या उंच जहाजांना ब्रिजवॉटर कालव्याचे पाणी पुलावरून पलीकडे नेणारा जुना दगडी जलसेतू आडवा येणार होता, म्हणून अभियंता एडवर्ड लीडर विल्यम्स यांनी त्याच्या जागी असा लोखंडी जलसेतू बसवला, की दोन्ही टोकांचे दरवाजे लावून, आतले पाणी तसेच ठेवून, सुमारे १,४५० टनांचा तो सगळा भार बाजूला फिरवता येतो. शेजारचा रस्त्याचा पूलही तसाच फिरतो आणि तोवर वाहनांना थांबावे लागते. मोटरवेने १९६० मध्ये जवळच उंच पूल बांधून ही अडचण टाळली. उपाय सोयीचा खरा, पण पाण्यासकट कालवा फिरवण्याचे धाडस मला अधिक मोठे वाटते. आज मात्र एकही जहाज आले नाही, त्यामुळे दोन्ही पूल जागच्या जागी पाहूनच परतलो.