नदीचं नाव

शनिवार, रात्री

आज आईला मेलबर्नमधल्या 'बिरारंग मार' या बागेत नेलं. फेडरेशन स्क्वेअरवरून खाली उतरलं की लगेच नदी. कोरीव दगड, इथल्या मूळनिवासी कुलिन लोकांच्या पाच गटांच्या पाच ढाली, ईलसारखी वळत जाणारी पायवाट. त्या वाटेवर आईने चपला काढून हातात घेतल्या. मग काठावर उभी राहून विचारलं, "नदीचं नाव काय गं?"

"यारा."

आईने हात जोडले. "यारामाई..."

"आजी, ते चुकीचं नाव आहे," ओवी म्हणाली. "खरी बिरारंग."

एवढंच. पण झोप येत नाहीये.

मला माहीत नव्हतं असंही नाही. १८३५ साली वेज नावाचा सर्व्हेअर इथे आला. त्याच्यासोबतची मूळनिवासी माणसं 'यारा यारा' म्हणाली ती पडत्या, वाहत्या पाण्याबद्दल. त्याला वाटलं, हेच नदीचं नाव. लिहून टाकलं. मूळ नाव बिरारंग, म्हणजे धुक्याची नदी. दर जूनमध्ये सकाळच्या ट्रेनमधून ते धुकं मी पाहते. अकरा वर्षं पाहतेय.

आणि ऑफिसात कोणी 'म्रिन' म्हटलं की मला किती लागतं! बाबांनी हौसेने मृण्मयी ठेवलं होतं. परवासुद्धा मी घरी येऊन रडले. आजोबाही पेन्शनच्या कागदावरचं 'किर्की' खोडून वर 'खडकी' लिहायचे. त्यांची नात मी. आईने नमस्कारासाठी नाव विचारलं, आणि मी तिला ऐकण्यातली चूक दिली.

आईचं तिकीट १४ तारखेचं आहे. तो विषय आज नको.

२००२ साली उघडलेल्या या बागेचं नाव मी शेकडो वेळा घेतलं असेल. 'बिरारंग मारला भेटू', 'तिथे पार्किंग मिळत नाही'. मार म्हणजे काठ. काठाला खऱ्या नावाने हाक मारत होते आणि नदीला नाही, हे कधी जाणवलंच नाही.

जेवताना आईला २०१७ च्या कायद्याचं सांगितलं. नदीच्या रक्षणाच्या त्या कायद्याच्या नावातच यारा आहे आणि वॉइवुरुंग या इथल्या मूळनिवासी भाषेतले शब्दही आहेत: विलिप-जिन बिरारंग मुरॉन, बिरारंगला जिवंत ठेवा. आई म्हणाली, "मग दोन्ही हाकांना ओ देत असेल ती." मला पटलं. पूर्ण नाही, पण जरा हलकं वाटलं.

बागेतून निघताना मात्र आईने ओवीकडून ते नाव तीनदा म्हणवून घेतलं होतं. "बिरा... बिरारांग?" "रंग, आजी." "बिरारंग." मग पुन्हा चपला काढल्या, पुन्हा काठाशी गेली, आणि पहिल्यापासून नमस्कार केला.