धावून झाल्यावरची दहा मिनिटं

गेल्या पावसाळ्यानंतर मी रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर धावायला लागलो. वय 47, काम दिवसभर खुर्चीतलं. पुलाकडून निघायचं, पुळणीवरून झरी विनायकाच्या बाजूला जायचं आणि परत फिरायचं. शेवटचे दोनशे मीटर जीव खाऊन पळायचं आणि स्कूटरपाशी आलो की गपकन थांबायचं.

एका सकाळी असाच थांबलो, गुडघ्यांवर हात टेकून वाकलो. मान वर केली तर सुरूची झाडं गरगरायला लागली. डोळ्यांपुढे अंधारी आली, मटकन वाळूत बसलो. हृदयाचंच काहीतरी असणार, या विचाराने घाम फुटला. म्हणजे होता त्यावर आणखी फुटला.

बाजूलाच पोलीस भरतीची मुलं 1600 मीटरचा सराव करत होती. त्यांचे सर धावत आले. मला आडवं केलं, पाय एका मुलाच्या मांडीवर ठेवले. जरा वेळाने बरं वाटलं. "काका, पळून आल्यावर माझी पोरं उभी राहिली तर मी शिव्या घालतो. तुम्ही तर खांबासारखे थांबलात!"

तरीही डॉक्टरांकडे गेलोच. ईसीजी नीट निघाला. ते म्हणाले, धावताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त तिकडे उतरतं. पोटऱ्या आवळतात नि सैलावतात, त्या दाबाने ते वर हृदयाकडे जातं. पाय एकदम थांबले की हा पंप बंद. रक्त खाली साचतं, रक्तदाब उतरतो, मेंदूला पुरत नाही. शिवाय आपली दमट हवा: घाम वाळत नाही, अंग निवत नाही आणि अंग निववायला कातडीकडेही भरपूर रक्त जात राहतं.

मग शेवटची दौड सोडली. आधी दोन-तीन मिनिटं अगदी हळू धावणं, नंतर चालणं, मिळून दहा मिनिटं. पहिला आठवडा भलताच कंटाळवाणा गेला. कुणी ओळखीचं भेटलं की मी उगाच पुन्हा धावायचो, दमलो असं वाटू नये म्हणून! मानेपाशी नाडी मोजायची सवय लावून घेतली. धावणं संपताना 150च्या आसपास असते, चालून झाल्यावर शंभराच्या खाली येते. मग सुरूच्या खोडाला हात लावून पोटऱ्या नि मांड्या ताणायच्या, प्रत्येकी अर्धा मिनिट, झटके न देता.

चक्कर पुन्हा आली नाही. पाय दुखायचेही थांबतील अशी आशा होती, ती मात्र फोल ठरली. चालल्याने लॅक्टिक आम्ल लवकर निघून जातं, हे खरं. पण दुसऱ्या दिवशीचा ठणका त्याचा नसतोच, तो स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजांचा असतो. ज्या दिवशी जास्त धावतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी अजूनही जिना उतरताना कठड्याला धरतो.

अडचण येते ती समुद्राला भरती असली की. घट्ट ओली वाळू पाण्याखाली जाते आणि भुसभुशीत वाळूत चाललं तर नाडी उतरायची सोडून चढते. अशा दिवशी शेवटची दहा मिनिटं मी रस्त्यावर काढतो. भरतीची मुलं तिथेच बसून चणे खात असतात. माझा वेग जरा मंदावला की त्यातला एक ओरडतो, "काका, थांबू नका!"