हलव्याची बासरी

भाचीच्या लेकाचं रविवारी बोरन्हाण. हलव्याचे दागिने बाजारात तयार मिळतात, तेही माझ्यापेक्षा सुबक. पण मीच फोनवर मोठ्या तोंडाने सांगून बसले, "आणू नकोस गं, आत्या करेल."

तीन दिवस पहाटे पाचला उठून हलवा केला. परातीत पाव वाटी तीळ, खाली अगदी मंद आच, एकेक चमचा पाक आणि बोटांनी सतत फिरवणं. पंखा बंद, गप्पा बंद. पहिल्या दिवशी घाईने दोन चमचे पाक एकदम घातला आणि तिळाची छान चिक्की झाली! (ती घरच्यांनी संपवली, तक्रार नाही.) तिसऱ्या दिवशी थंडी पडली तेव्हा कुठे काटे फुटले. बारीक, पांढरेशुभ्र, बोटाला टोचणारे. बोटांची टोकं अजून चुरचुरतायत.

आज दिवसभर दागिने ओवले. ओवले म्हणजे सुई घालून नव्हे हं, दाणा फुटतो. दुहेरी दोऱ्यात एकेक दाणा गाठीने अडकवायचा. मुकुट जमला, हारही बरा झाला. बासरी मात्र मधेच वाकलीय, तिच्याकडे बघून नवरा म्हणाला, "केळं का केलंस?"

बाळ अकरा महिन्यांचं आहे. हातात मिळताच ते बासरी वाजवणार नाही, चाटणार. म्हणून डिंक कुठेच लावला नाही, नुसत्या गाठी.

आता डबा बंद करून उंचावर ठेवलाय. मुंग्यांना अजून आमंत्रण गेलेलं नाही.