तुम्ही विचारलंत म्हणून: घरची चिली स्पर्धेत मागे का पडते?

चिली म्हणजे मांस आणि मिरचीचा दाट अमेरिकन रस्सा. घरी सगळे वाडगा चाटूनपुसून खातात, मग तीच चिली स्पर्धेत मागे का पडते, असं तुम्ही विचारलंत. घरी माणूस वाडगाभर खातो. परीक्षक एक-दोन चमचे चाखतो, तेही आधीच्या दहा कपांनी जीभ दमलेली असताना. त्या एका चमच्यात मांस, रस्सा, मिरची, जिरं आणि आंबटपणाची चुणूक असं सगळं एकदम यायला हवं. पुढचं सगळं त्या चमच्याच्या हिशोबानं.

आधी नियम विचारा. टेक्सासात चिली म्हणजे मांस आणि मिरची. तिथल्या मोठ्या स्पर्धांमध्ये राजमा, भात, पास्ता घातलात तर बाद. १९६७ साली टर्लिंग्वा गावात पत्रकार विक फाउलर आणि विनोदी लेखक एच. ॲलन स्मिथ यांचा चिलीचा गाजलेला सामना झाला. दोघांना एकेक मत पडलं, तिसऱ्या परीक्षकानं आपली जीभच कामातून गेल्याचं सांगितलं आणि सामना बरोबरीत सुटला. मित्रमंडळींच्या स्पर्धेत बहुधा राजमा चालतो, पण गृहीत धरू नका. पातेलं आदल्या दिवशी शिजवून आणलं तर चालेल का, हेही विचारून ठेवा.

आता मिरची, कारण निम्मी स्पर्धा इथेच ठरते. दीड किलो मांसाला चार आंचो, चार ग्वाहियो आणि एक-दोन आर्बोल या सुक्या मेक्सिकन मिरच्या घ्या. आंचोनं रंग आणि मनुकांसारखी गोडसर चव येते, ग्वाहियोनं लाली आणि हलका आंबटपणा, आर्बोलनं तिखटपणा. बिया आणि देठ काढा. कोरड्या तव्यावर प्रत्येक बाजू वीस-तीस सेकंद भाजा, वास सुटला की लगेच उतरवा. काळी झालेली मिरची टाकून द्या. तिचा कडूपणा साखरेनं झाकला जात नाही. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून बारीक वाटा आणि चाळणीतून गाळा. सालींचे तुकडे राहिले तर ते चमच्यात जाणवतात.

इथे एक घोळ नेहमी होतो. अमेरिकन पाककृतीतली ‘चिली पावडर’ म्हणजे नुसतं लाल तिखट नव्हे. तिच्यात सौम्य मिरची, जिरं, ओरेगानो, लसूण आणि कधी कधी मीठही असतं. पाककृतीत तीन मोठे चमचे लिहिलेत म्हणून तेवढं लाल तिखट घातलंत तर खेळ तिथेच संपतो.

मांस खांद्याचं, म्हणजे बीफ चक घ्या. त्यातल्या कोलॅजनचं मंद आचेवर जिलेटिन होतं आणि रश्श्याला अंग येतं. पुठ्ठ्याचं कमी चरबीचं मांस इथे कोरडं पडतं. एक सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा, म्हणजे चमच्यात तीन-चार मावतात. मोठे तुकडे दिसायला रुबाबदार, पण परीक्षकाच्या चमच्यात एकच येतो आणि रश्श्याला जागाच उरत नाही. खिमा वापरायचाच तर जाडसर दळून आणा. तुकडे कोरडे पुसा आणि जाड बुडाच्या पातेल्यात एका वेळी पाव किलोच परता. गर्दी केली की पाणी सुटतं, मांस स्वतःच्याच पाण्यात उकडतं आणि राखाडी होतं. बुडाला चिकटलेला तपकिरी थर थोडा स्टॉक घालून खरवडून घ्या.

त्याच पातेल्यात ३०० ग्रॅम अगदी बारीक चिरलेला कांदा मऊ करा, सहा पाकळ्या लसूण शेवटच्या मिनिटाला घाला. मांस परत टाका, मिरचीचं वाटण, ७५० मिली बिनमिठाचा स्टॉक आणि २०० मिली टोमॅटो सॉस (गोड केचप नव्हे, साधी टोमॅटो प्युरी) घाला. टोमॅटो याहून वाढवू नका, नाहीतर चव पास्ताच्या सॉसकडे झुकते. आच अशी ठेवा की मधूनमधून एखादा बुडबुडा फुटेल. खळखळ उकळलंत तर मांस आक्रसून चिवट होतं. असे अडीच तास.

मुरलेले स्पर्धक मसाला एकदम घालत नाहीत, तीन हप्त्यांत घालतात. जिरं भाजून ताजं कुटलेलं हवं. पहिला हप्ता सुरुवातीला: एक मोठा चमचा जिरं, दोन छोटे चमचे मेक्सिकन ओरेगानो, एक छोटा चमचा मीठ. दुसरा सव्वा तासानं: दोन मोठे चमचे चिली पावडर, एक छोटा चमचा जिरं. तिसरा हप्ता, परीक्षकांना कप द्यायच्या वीस मिनिटं आधी: एक मोठा चमचा आंचोची पूड, अर्धा छोटा चमचा जिरं, चवीपुरतं मीठ. जिऱ्याचा सुवास दोन तासांच्या शिजण्यात बराचसा उडून जातो, आणि कप उघडल्यावर परीक्षकापर्यंत आधी वासच पोचतो. तिसरा हप्ता त्या वासासाठी. फक्त याहून उशीर करू नका, पूड जिभेवर कच्ची आणि रवाळ लागते. मीठही आधीच पूर्ण घालू नका. रस्सा आटतो, मीठ तेवढंच राहतं.

दाटपणासाठी दोन मोठे चमचे मासा हरिना (मेक्सिकन पद्धतीचं मक्याचं पीठ) थंड पाण्यात कालवून शेवटच्या पंधरा मिनिटांत घाला. चमचा उलटा केला तर पाठीवर थर राहावा, इतपत पुरे. वरची चरबी काढा, पण सगळी नाही. रंग आणि मिरचीची चव तिच्यातच असते. आच बंद करताना दोन छोटे चमचे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. चव सपाट वाटली की लोक मीठ ओततात, आणि बहुतेक वेळा कमी असतो तो आंबटपणा.

राजमा चालत असेल तर वेगळा शिजवून शेवटच्या अर्ध्या तासात घाला. टोमॅटोच्या आंबटपणात तो लवकर मऊ होत नाही. आणि कच्चा राजमा स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद उष्णतेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, अजिबात टाकू नका. त्यातलं विषारी लेक्टिन मंद उष्णतेनं नष्ट होत नाही. रात्रभर भिजवून पाणी फेका, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळा, मग शिजवा.

बूड लागलं तर ढवळू नका, खरवडू नका. वरची चिली अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा. खारट झाली तर बिनमिठाचा स्टॉक आणि थोडं परतलेलं मांस वाढवा. बटाटा टाकून खारटपणा जातो म्हणतात, पण तो थोडं खारट पाणी शोषतो, इतकंच. तिखटपणाचा अंदाज पहिल्या घासावर बांधू नका. दोन चमचे खा, मिनिटभर थांबा, मग ठरवा. आर्बोलचा जाळ मागून येतो.

आदल्या दिवशी करणार असाल तर पातेलं तसंच झाकून ओट्यावर ठेवू नका. उथळ भांड्यांत पसरून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी गॅसवर ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, मगच स्लो कुकरमध्ये. तो गरम ठेवायच्या कामाचा, थंड चिली तापवायला फार वेळ घेतो. तिसरा हप्ता या तापवण्याच्या वेळी घाला.

कप भरण्याआधी तळापासून ढवळा, नाहीतर कपात वरचं तेलच जातं. मांस आणि रस्सा निम्मे-निम्मे दिसू द्या, कडा पुसा, आणि वर कोथिंबीर पेरायची असेल तर नियमांचा कागद पुन्हा एकदा बघा.